फाटकाआड काय आहे, ते शेजाऱ्याला कळू द्या

प्रति,
जासई, चिर्ले, धुतूम आणि गव्हाण परिसरातले सर्व गोदाममालक, कंटेनर यार्डचे चालक आणि त्यांना जागा भाड्याने देणारे जमीनमालक



प्रदूषणाबद्दल पत्र लिहायचं म्हटलं की ते सरकारी कचेरीला लिहायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. मी मात्र तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही आमचे शेजारी आहात. आमच्या परसाची भिंत आणि तुमचं पत्र्याचं कुंपण यांच्यामध्ये एक गटार तेवढं आहे. रात्री तुमच्याकडे ट्रेलर मागे घेतला की त्याचा भोंगा आमच्या माजघरात ऐकू येतो. तुमच्याकडे काही पेटवलं की त्याचा वास आमच्या दोरीवरच्या कपड्यांना लागतो. शेजाऱ्याबद्दल गाऱ्हाणं असेल तर आधी त्याच्याच दारात जाऊन बोलावं, असं माझी आजी सांगायची. म्हणून आधी तुमच्या दारात आले आहे.

मी जासईचीच. शाळेत विज्ञान शिकवते. रसायन हा शब्द ऐकून घाबरणारी मी नाही, आणि बंदर नको, यार्ड नको, असंही माझं म्हणणं नाही. 26 मे 1989 ला न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, तेव्हापासून इथल्या निम्म्या घरांची चूल कुठे ना कुठे कंटेनरशी बांधलेली आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील तुमच्याकडे क्रेन चालवतात, सुपरवायझर आहेत, कुणी माथाडी आहेत. तुमचं काम बंद पडावं अशी इच्छा मी धरली, तर ती माझ्याच गावावर उलटेल. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या फाटकाआड काय येतं, काय साठतं आणि काय जळतं, हे आम्हाला कळलं पाहिजे. आणि त्यातलं जे आमच्या नाकात, पाण्यात, ताटात येतं आहे, ते थांबलं पाहिजे.

धुरापासूनच सुरुवात करते. आम्ही आगरी माणसं धुराला नवी नाही. पावसाळ्याआधी शेतात राब भाजायचे, तेव्हा सगळ्या गावावर धूर असायचा. वाळका पाला, गवत, शेणी, वर मातीचा पातळ थर. डोळे चुरचुरायचे, पण त्या धुराचा वास ओळखीचा होता, आणि पाऊस पडला की त्याच राखेतून भाताचं रोप वर यायचं. गेल्या हिवाळ्यात एका रात्री दीडच्या सुमाराला मला जाग आली ती वेगळ्याच धुराने. घशात गोडसर, चिकट काही अडकल्यासारखं झालं. खिडकी उघडली तर कुंपणापलीकडे ढीग पेटला होता. पॅलेटला गुंडाळतात ते पातळ प्लास्टिक, पॅकिंगच्या पट्ट्या, थर्माकोलचे कोपरे. आणि ज्वाळेला मध्येच हिरवी झाक येत होती.

ती हिरवी झाक पाहून मी खिडकीतून हलले नाही. तापलेल्या तांब्याच्या तारेला क्लोरीन असलेलं प्लास्टिक लावून ती ज्योतीत धरली, की ज्योत हिरवी होते. रसायनशास्त्राची ती जुनी परीक्षा आहे. म्हणजे त्या ढिगात तारांची वेटोळी होती, आणि आतलं तांबं भंगारात विकण्यासाठी वरची पीव्हीसीची साल जाळणं चाललं होतं. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ढीग असा उघड्यावर, धुमसत जळला की डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. नीट बांधलेल्या भट्टीत साडेआठशे अंशांच्या वर उष्णता राखतात, ती याच कारणासाठी. डायॉक्सिन वाऱ्याने उडून संपत नाही. ते गवतावर, मातीवर बसतं, गुरांच्या चरबीत उतरतं, तिथून दुधात येतं, कोंबडीच्या अंड्यात येतं, आणि माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतं. तुमच्या कुंपणालगतच्या राखेत आमच्या कोंबड्या पाय मारत असतात. ती अंडी आम्ही पोरांना खायला घालतो.

सकाळी जाऊन तिथल्या वॉचमनला विचारलं. घर सोडून लांबून आलेला साधा माणूस. म्हणाला, "मॅडम, कचरा उचलायला गाडी येत नाही. साफ करून टाक सांगितलं, म्हणून लावलं." माझा त्याच्यावर राग नाही. तो धूर माझ्या आधी त्याच्या छातीत गेला होता. पण "साफ करून टाक" हे ज्याने सांगितलं, त्याला मला विचारायचं आहे: साफ कुठे झालं? तुमच्या यार्डातून निघालं आणि आमच्या घरात आलं, एवढंच झालं.

उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला दिलेल्या आदेशात साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवून दिली. तुमच्या उलाढालीपुढे हा आकडा काहीच नाही, हे मला माहीत आहे. म्हणून दंडाची भीती घालत नाही. दुसरीच गोष्ट मनाला लागते, ती सांगते. महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांची कैद. तेव्हापासून भाजीवाली मावशी पिशवी देताना इकडेतिकडे बघते. नाक्यावरचा वडापाववाला कागदात बांधून देतो. कारखान्यातच मालाला गुंडाळून येणाऱ्या प्लास्टिकला मात्र त्या अधिसूचनेत सूट आहे. तुमच्याकडे जे टनांनी निघतं, ते बहुतेक हेच प्लास्टिक. कायद्याने सूट दिली ती माल सुखरूप पोहोचावा म्हणून. तो पोहोचल्यावर वेष्टण आमच्या नाल्यात टाकायची किंवा रात्री पेटवायची सूट कुणीच दिलेली नाही. फेब्रुवारी 2022 पासून तर प्लास्टिकच्या वेष्टणाची जबाबदारी उत्पादकाबरोबर आयातदारावरही आहे. ज्या आयातदाराचा माल तुम्ही ठेवता, त्याला करार करतानाच विचारा की हे वेष्टण परत कोण नेणार. भाडं ठरवताना तुम्ही दिवसाचा हिशोब लावता, टनाचा लावता. त्यात एक ओळ या कचऱ्याचीही घाला.

आता एका पिंपाची गोष्ट.

आमच्या आळीतल्या एका आजींनी पाण्यासाठी निळं पिंप घेतलं. भंगारवाल्याकडून, तीनशे रुपयांत. आमच्याकडे पाणी रोज येतंच असं नाही, त्यामुळे प्रत्येक अंगणात असं एखादं पिंप असतंच. मी सहज गेले होते. आजी खूश होत्या. "यो पिंप बेस हाय गो बाय, वास पन नाय येत." मी ते फिरवून पाहिलं. मागच्या बाजूला अर्धवट खरवडलेलं लेबल होतं. तांबड्या चौकटीतलं एक चित्र उरलं होतं, मेलेला मासा आणि निष्पर्ण झाड. जलचरांना घातक, असा त्याचा अर्थ. नाव फाटून गेलं होतं. आत काय होतं, ते त्यामुळे कधीच कळणार नाही. आजींनी ते निरमा घालून तीन वेळा धुतलं होतं आणि त्यातलं पाणी आठ दिवस घरात वापरात होतं. जाड प्लास्टिक आतलं रसायन थोडं थोडं शोषून घेतं आणि नंतर पाण्यात सोडत राहतं. साबणाने ते जात नाही. मी त्यांना ते पाणी ओतून द्यायला लावलं. त्यांचा चेहरा पडला. तीनशे रुपये गेले म्हणून, आणि आठ दिवस नातवंडांना काय पाजलं या विचाराने.

घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं आणि डबे हा 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचराच आहे, परिशिष्टात त्याची वेगळी नोंद आहे. तो अधिकृत परवानाधारकाकडेच गेला पाहिजे. तुमच्या फाटकातून ते पिंप नेमकं कुणाच्या हाताने बाहेर पडलं, ते मला माहीत नाही आणि कुणा एकाचं नाव मला घ्यायचंही नाही. पण अशी पिंपं उरण तालुक्यातल्या अंगणाअंगणात आहेत. एक साधी गोष्ट करा. रसायनाचं पिंप रिकामं झालं की त्याच्या बुडाला ड्रिलने चार भोकं पाडा. भोकं पडलेल्या पिंपात कुणी पाणी भरणार नाही. यासाठी नियमाची वाट बघायला नको आणि खर्चही काही नाही.

लाकडाचंही तेच. तुमच्या आवारातून फुटकी पॅलेट बाहेर येतात आणि बायका ती चुलीसाठी उचलतात. फुकटचं, वाळलेलं सरपण कुणाला नको असतं? परदेशातून येणाऱ्या लाकडी पॅलेटवर एक शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूने. आमच्या आयाबहिणींना ही अक्षरं ठाऊक असणार कुठून? मी शाळेत मुलांना पॅलेटचा तुकडा दाखवून शिकवलं. दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं आपापल्या घरचे तुकडे घेऊन आले. एकावर एमबी होतं. तो तुकडा आणणाऱ्या मुलाच्या घरी त्याच लाकडावर भाकरी भाजली जात होती.

मिथाइल ब्रोमाइडचं नाव निघालंच आहे, तर त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. तुमच्याकडे रोजचं काम असलं तरी फाटकाबाहेर त्याबद्दल कुणी बोलत नाही. कीड मारण्यासाठी कंटेनरमध्ये हा वायू सोडतात, किंवा अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, ज्यांतून ओलाव्याने फॉस्फीन निघतो. फॉस्फीनला निदान सडक्या मासळीसारखा वास तरी येतो. मिथाइल ब्रोमाइडला रंग नाही आणि वास जवळजवळ नाही. तो मज्जासंस्थेवर घाला घालतो आणि त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. माणूस घरी येतो, जेवतो, आणि मग त्याला गरगरायला लागतं. घरच्यांना वाटतं उन्हाने झालं, कुणाला वाटतं प्यायला असेल. ओझोनच्या थराला मारक म्हणून जगाने हा वायू इतर जवळजवळ सगळ्या वापरांतून काढून टाकला. मालाच्या निर्जंतुकीकरणासाठी तेवढा ठेवला आहे. म्हणजे जिथे माल उतरतो, तिथेच तो उरला आहे. आपल्याकडे.

अशा कंटेनरच्या दारावर कवटीचं चिन्ह, वायूचं नाव, तो कधी सोडला आणि कंटेनर कधी हवेशीर केला, याची सूचना लावावी लागते. ती इंग्रजीत असते. दार उघडून पहिला आत शिरतो तो माथाडी कामगार, जो मराठी वाचतो, हिंदी वाचतो, किंवा काहीच वाचत नाही. 1969 साली माथाडी कायदा करून हमालाच्या घामाला कायद्याचं संरक्षण देणारं हे राज्य आहे. त्या कामगाराच्या श्वासाची काळजी घ्यायला तुम्हाला कुणी सांगायला लागू नये. दार उघडल्यावर वायूमापक आत धरा, आकडा शून्यावर येईपर्यंत कुणाला आत जाऊ देऊ नका, आणि दारावर मराठीत आणि हिंदीत लिहा. ट्रेलर मोकळा करायची घाई मला समजते. पण ट्रेलर अर्धा तास अडकून राहिल्याच्या आकाराचा हिशोब माणसाच्या मेंदूशी घालता येत नाही.

हे मी परक्यांना सांगत नाही. 1984 साल आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. जानेवारीच्या 16 आणि 17 तारखेला सिडकोने घेतलेल्या जमिनीसाठी आपले लोक रस्त्यावर आले, दास्तान फाट्यावर आणि पुढे पागोट्याकडे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील याच जासईचे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. घरातली पुरुष माणसं परत येईपर्यंत आई दारातच बसून होती, एवढं आठवतं. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आज तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच लढ्याच्या पुण्याईवर उभे आहेत. तुमच्यातले बरेच जण आमच्याच भावकीतले आहेत. हळदीला, बारशाला आपण एका पंगतीत बसतो. म्हणूनच हे पत्र लिहिताना हात जड होतो आहे.

त्याच वर्षी डिसेंबरच्या 2 आणि 3 तारखेच्या मधल्या रात्री भोपाळची वायुदुर्घटना झाली. दहाएक महिन्यांचं अंतर. आमच्या घरी रेडिओवर बातमी ऐकल्याचं आठवतं. भोपाळची माणसं वायूने मेली, तशीच ती न सांगितल्यानेही मेली. कारखान्याच्या भिंतीला टेकून झोपड्या होत्या, आणि आत काय साठवलं आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. नाकातोंडाला ओलं फडकं लावावं, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावं, एवढंही कुणी सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विष कोणतं ते कळेना, तर उपचार काय करणार? त्यानंतर देशाने कायदे केले. 1989 साली घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले. आपलं बंदर सुरू झालं ते हेच वर्ष. त्यातला पंधरावा नियम सांगतो की ठरावीक प्रमाणाच्या वर घातक रसायनं ठेवणाऱ्याने आसपासच्या लोकांना धोका कोणता आहे, आणि अपघात झाला तर काय करायचं, काय टाळायचं, हे सांगितलं पाहिजे. हा नियम छत्तीसपेक्षा जास्त वर्षांचा झाला. इतक्या वर्षांत कुंपणापलीकडून मला असं काही सांगायला कधी कुणी आलं नाही.

"आमच्याकडे तसलं काही नसतं," असं तुम्ही म्हणाल. नसेल, तर फार चांगलं. पण याच न्हावा-शेवा बंदरात काय पडून होतं, ते आठवा. वंगणाचं तेल म्हणून आयात केलेले 133 कंटेनर, 15 आयातदारांचे. तपासलं तेव्हा आत घातक टाकाऊ तेल निघालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी 2005 मध्ये न्यायालयाने ते आयातदारांच्या खर्चाने भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. तोवर ते कंटेनर इथेच उभे होते, आमच्यापासून काही मैलांवर. कागदावर एक आणि पिंपात दुसरंच, हे आपल्या दारात घडलेलं आहे.

4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरातल्या गोदामात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. 2,750 टन, वर्षानुवर्षं पडून राहिलेलं. आपल्याकडे लगेच झडती झाली, तर चेन्नईजवळच्या एका कंटेनर फ्रेट स्टेशनात त्याच रसायनाचे 37 कंटेनर सापडले, सुमारे 700 टन, 2015 पासून ठेवलेले. आसपासच्या वस्त्यांना ते बैरूत पेटल्यावर कळलं. 4 जून 2022 ला बांगलादेशात चितगावजवळ सीताकुंडच्या कंटेनर डेपोला आग लागली. विझवायला गेलेल्या जवानांना आतल्या कंटेनरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ते नेहमीसारखी आग समजून जवळ गेले आणि स्फोट झाला. पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे जवान होते. ते यार्ड आपल्याकडच्या कुठल्याही यार्डासारखंच होतं. तसेच रचलेले डबे, तशीच एकमेकांना खेटून उभी असलेली वस्ती.

उद्या जासईत रात्री आग लागली, तर आमच्या तरुण पोरांचा जमाव बादल्या घेऊन तुमच्या फाटकाकडे धावेल. ही या गावाची रीत आहे, कुणाच्या घराला आग लागली तर कुणी घरात बसत नाही. ही पोरं पाणी मारायला जातील आणि आत पाण्याने भडकणारं काही असेल. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू निघतो, तो ठिणगीसरशी पेटतो. हे माझ्या नववीच्या मुलांना पाठ आहे. पण आत कार्बाइड आहे की कापूस, हे त्यांना कोण सांगणार?

अजून एक गोष्ट आहे, दिसायला सगळ्यांत निरुपद्रवी. प्लास्टिकच्या वस्तू ज्या कच्च्या दाण्यांपासून करतात, ते पंचवीस किलोच्या गोण्यांतून तुमच्याकडे येतात. साबुदाण्याएवढे, पांढरे. गोणी फाटली की सांडतात, झाडूने गटाराकडे ढकलले जातात आणि पहिल्या पावसाबरोबर खाडीत जातात. मे 2021 मध्ये कोलंबोच्या किनाऱ्यापाशी एक जहाज जळालं, त्यातून असे सुमारे 1,680 टन दाणे समुद्रात गेले. 25 मे 2025 ला केरळच्या किनाऱ्याजवळ 640 कंटेनर घेऊन एक जहाज बुडालं, त्याचेही दाणे किनारी आले. त्या बातम्या आपण हळहळत वाचल्या. आपल्या गटारातून रोज मूठ मूठ जातात, त्याची बातमी होत नाही. पाण्यातली इतर विषं या दाण्यांना चिकटतात, मासळी त्यांना अंडी समजून गिळते. खाडीत काय उरलं आहे ते जिताडा मासा शोधायला जाणाऱ्या कोळी भावांना विचारा. जाळ्यात आधी पिशव्या येतात. फेब्रुवारी 2015 मध्ये हरित लवादाने उरण परिसरातल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटींहून जास्त भरपाई देण्याचा आदेश दिला होता, तो भराव आणि तुटलेल्या खारफुटीपायी बुडालेल्या त्यांच्या धंद्यासाठी. बुडणं थांबलेलं नाही. तुमच्या गटाराच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा आणि ती दर आठवड्याला साफ करा. दाणे तिथेच अडतील.

आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. गावातही प्लास्टिक पेटतं. उकिरड्यावर दुधाच्या पिशव्या, डायपर, जुने टायर. लग्नाच्या मांडवातले थर्माकोलच्या ताट-वाट्या खाडीच्या काठी मी स्वतः पाहिल्या आहेत. शाळेतल्या मुलांना घेऊन आम्ही त्यावर काम करतो आहोत. आमच्या आळीत तरी उकिरडा पेटवणं बंद झालं आहे. दारोदार फिरून, भांडून बंद केलं. तुमच्याकडे मागणी करण्याआधी तेवढं केलं.

आता मागणी. प्रत्येक यार्डाच्या आणि गोदामाच्या फाटकावर, रस्त्यावरून वाचता येईल असा मराठी फळा लावा. आत कोणत्या प्रकारचा माल आहे: पेटणारा, विषारी, पाण्याने भडकणारा, की साधा. आग लागली तर पाणी मारायचं की नाही. रात्री फोन उचलणाऱ्या जबाबदार माणसाचा नंबर. माल बदलला की फळा बदला, खडूने लिहिलात तरी चालेल. मालकाचं नाव किंवा मालाची किंमत मला नको आहे, ती तुमची धंद्याची गोष्ट. वर्षातून एकदा गावाला बोलावून धोक्याचा सराव घ्या. भोंगा वाजला तर म्हाताऱ्यांना कुठे न्यायचं, शाळेतली मुलं कोणत्या रस्त्याने काढायची, हे आम्हाला आजच ठरवायचं आहे.

ज्यांनी जमिनी भाड्याने दिल्या आहेत, त्या माझ्या भावांना वेगळं सांगते. भाडेकराराचं नूतनीकरण दर काही वर्षांनी होतं. तेव्हा दोन कलमं लिहून घ्या: आवारात काही जाळायचं नाही, आणि घातक माल असेल तर गावाला कळवायचं. भाडेकरू नाही म्हणणार नाही, बंदराच्या इतकी जवळ दुसरी जागा त्याला सहज मिळत नाही. आपण जमीन दिली. जमिनीवरची हवा कराराने दिलेली नाही.

दरवर्षी 16 जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करायला एकत्र येतो. तुम्हीही येता, हार घालता, पुढच्या रांगेत बसता. येत्या 16 जानेवारीच्या आत जासईतल्या निदान एका फाटकावर तो फळा लागलेला मला पाहायचा आहे. लिहायला कुणी नसेल तर मला बोलवा. माझं अक्षर चांगलं आहे, आणि खडू माझ्याकडे आहेत.

आपली शेजारीण,
विज्ञान शिक्षिका
जासई, ता. उरण, जि. रायगड